घरी आल्यावरची आंघोळ

चि. वॉल्टर,

नेदरलँड्समधल्या मारग्रातेनला महायुद्धात कामी आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कबरी इथली कुटुंबं दत्तक घेतात. तुझी कबर शेजारच्या ट्रूस आजी सांभाळायच्या. त्यांचे गुडघे गेले आणि तू माझ्याकडे आलास.

पहिल्यांदा तुला फुलं वाहून आइंडहोव्हनला परतले, तर पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी दारातच अडवलं. "स्मशानातून आलीस, आधी आंघोळ कर!"

यंदा त्या स्वतःच सोबत आल्या. आजींनी दिलेला तुझा एकविसाव्या वर्षीचा फोटो न्याहाळला. क्रुसावरचं नाव पदराने पुसलं, डब्यातला बेसनाचा लाडू खाली ठेवला. खाऊ ठेवायला मनाई करणाऱ्या रखवालदाराकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येताच मी टॉवेल घेतला.

"कुठे निघालीस? लेकराला भेटून आल्यावर कुणी आंघोळ करतं का? चहा टाक."

तुझी,
हिमानीकाकू