अंगणातल्या दोन खाटा

लाडक्या सूनबाई,

अक्षराला हसू नकोस, पेन्सिल तुझ्या लेकीची आहे आणि तिला टोकच नाही. आज मी नुसती नाचतेय बघ, गुडघे सोडले तर. भूकंपात छत तुझ्यावर कोसळलं नि तू गेलीस, तेव्हापासून सात वर्षं पोर अंगणातच झोपायची. नवं घर पक्कं, तरी आत निजायची नाही. आज दुपारी तिनं आपणहून खाट आत ओढली.

म्हणाली, "आजी, तूही चल. तुझ्या घोरण्याशिवाय मला झोप नाही."

म्हटलं, "कपडे वाळू देत."

कपडे कधीच वाळलेत. लोक म्हणायचे, म्हातारी नातीपायी बाहेर झोपते. मीही मान डोलवायचे. आता कुणाचं नाव पुढं करू?

तुझी,
अजून अंगणात बसलेली सासू