सही करण्याआधी

स्टर्जन बे, ४ मार्च २०१९

ती. आर्डिसताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

हात थरथरतात ते म्हातारपणानं नव्हे, पार्किन्सन्स आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा अक्षरावरून टोमणे नकोत.

केंट मला वकिलाकडे घेऊन गेला होता. वकील म्हणाले, चेरीची बाग आत्ताच मुलाच्या, म्हणजे केंटच्या, नावावर करा. पाच वर्षं उलटली की सरकार तिच्याबद्दल विचारणार नाही, आणि नर्सिंग होमचा खर्च सरकारच उचलेल. नाहीतर आधी बाग विकून खायची, मग मदत मागायची. केंट म्हणतो, सगळेच करतात, कायद्यात बसतं, आपणच का शहाणपणा करायचा? मला मात्र खिसा लपवून हात पसरल्यासारखं वाटतं. तू सव्वीस वर्षं नर्सिंग होमच्या ऑफिसात हेच अर्ज भरलेस. ईस्टरपूर्वी सही करायची आहे. काय करू?

माया असू दे, बोलणी कमी.
लॉवेल

डुलुथ, ११ मार्च

चि. लॉवेल यास अ. उ. आ.

पोस्टमन होतास तेव्हाही तुझं अक्षर लागत नव्हतं, त्यामुळे आजाराला बोल लावू नकोस. गोळ्या वेळेवर घे.

केंट चोर नाही. कायद्यात बसतं हे खरंच. पण आमच्याकडे सरकारी खर्चाच्या खाटा बाराच होत्या. ओपल नावाच्या बाईनं चाळीस वर्षं हॉटेलातल्या चादरी धुतल्या होत्या, लपवायला तिच्याकडे काही नव्हतंच. ती चार महिने थांबली. मधे रिकामी झालेली खाट एका लाकूडगिरणीवाल्याला मिळाली. कागदोपत्री तो कंगाल होता. त्याचा अर्ज मीच भरला.

उलटंही पाहिलं. जन्माची पुंजी दोन वर्षांत संपवून माणसं त्याच खाटेवर, त्याच पातळ सूपवर यायची. त्यांना प्रामाणिक म्हणावं की खुळे, हे मला कधी ठरवता आलं नाही.

आता एक सांगते, जे आजवर सांगितलं नाही. आईनं आपण होऊन मला घर दिलं नव्हतं. त्र्याण्णव साली याच कारणासाठी मी तिच्याकडून सही करून घेतली. खरं कारण कुणाला कळू नये असं ठरलं, आणि मलाही ते सोयीचं होतं. त्यानंतर भिंतीत खिळा ठोकायचा तरी ती मला फोन करून विचारायची. मी हो म्हणायचे. ती नर्सिंग होममध्ये गेल्यावर मी घर विकलं.

ठरव तूच. राग आला तरी पत्र टाक.
तुझी आर्डिस

स्टर्जन बे, २९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

उत्तराला सात आठवडे लागले. त्यात हाताचा दोष नाही.

सही केली नाही. निम्मी बाग केंटला बाजारभावानं विकतोय. ते पैसे माझ्या देखभालीला. संपले तर सरकारकडे जाईन, पण तेव्हा खरोखरच काही नसेल. केंट म्हणाला, नातवंडांची बाग तुम्ही नर्सिंग होमच्या घशात घालताय. त्याचंही अगदी चूक नाही. तीन रविवार तो आला नाही. काल आला, फांद्या छाटल्या, जेवला, आणि फक्त हवापाण्यावर बोलला.

आता आईचं. घर तुला दिलं म्हणजे मी तिचा नावडता, असं मी धरून चाललो होतो. शेवटच्या वर्षी तिला दोनदाच भेटलो. दुसऱ्या खेपेला तिनं विचारलं, माझं काही मनाला लागलं का रे तुझ्या? मी नाही म्हणालो आणि गाडी काढली.

तुला दोष देणारी चार पत्रं लिहून फाडली. विचारायला तोंड मलाही होतं.

जुलैत चेरी उतरवायच्या वेळी ये. आईचं ते शेवटचं वर्ष कसं गेलं, ते सगळं मला ऐकायचंय.

लोभ आहे. सध्या जरा दुखरा आहे, जपून ठेव.
लॉवेल