बदलीची मुलं

प्रिय पाहुणीबाई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराचं घोंगडं भिजत पडलंय हे मला कळतं, आणि तू तिकडे काय काय तर्क लढवत बसली असशील तेही कळतं. आधी माझ्या चष्म्याची काडी मोडली. मग कारखान्यात काजं पाडायचं मशीन बिघडलं आणि आम्हा बायकांना हातानं काजं करायला बसवलं. बोटं अशी सुजली की चमचा धरवेना. ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्यांच्याआड मी वेळ मारून नेत होते. पत्रभर तू हवापाणी लिहिलंस, नवी नोकरी, जिन्यातला ओलसर वास, तुझ्या आईचे गुडघे. आणि सही करून झाल्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलंस, "मावशी, तू मला इतकी वर्षं ठेवलंस ते संघाचा नियम होता म्हणून, की तुला मी हवी होते म्हणून? स्टेशनवर तू एकदाही थांब म्हणाली नाहीस." बाई गं, असलं काही सहीच्या खाली लिहितात होय? मी पत्राची घडी घालून फडताळात ठेवलं आणि कांदा चिरायला बसले, म्हणजे डोळ्यांना निमित्त मिळालं.

आधी इकडची खबर देते, तेवढाच मला धीर येईल. कोपऱ्यावरची संघाची कचेरी अखेर भाड्यानं गेली. आता तिथे चपलांचं दुकान आहे. दुकानदार हुशार, त्यानं आपली जुनी पाटी फेकली नाही, पालथी घालून सगळ्यात खालची फळी म्हणून बसवली. परवा सँडल घालून बघायला वाकले तर फळीच्या पोटाला सगळं जसंच्या तसं, 'जगभरच्या कम्युनिस्टांचा संघ, विभाग कचेरी'. त्यातला 'घ' कसा वळवायचा यावरून तुझ्या काकांनी रंगाऱ्याशी घातलेला वाद मला आठवला. छापखान्यात जन्मभर खिळे जुळवले, त्यामुळे अक्षराचं पोट जरा सुटलेलं दिसलं तरी त्यांना जेवण जायचं नाही. सँडल मात्र घेतली. मऊ आहे.

काकांचा तो 'समजा'चा खेळ आठवतो? जेवताना सुरू व्हायचे. समजा, त्या अधिवेशनात तो ठराव पडला असता. तू हजारदा ऐकलंयस, तरी लिहिते, कारण आता ऐकवणारा नाही आणि शाळेच्या पुस्तकात त्याचा जेमतेम एक परिच्छेद उरलाय. सगळ्या सरहद्दींवर फौजा गोळा होत होत्या आणि संघाच्या अधिवेशनात भाषणांवर भाषणं चालली होती. तेव्हा कुठल्याशा देशातली धोबीकाम करणारी एक बाई उठली आणि म्हणाली, भाषणांनी तोफ थांबलेली मी तरी पाहिली नाही. तुमची पोरं तिकडे पाठवा, त्यांची इकडे आणा. आपलं लेकरू ज्या गावात झोपलंय त्या गावावर कोण तोफ डागतो ते बघूया. काही जण हसले म्हणे, काही रडले, आणि ठराव निसटत्या मतांनी पास झाला. सभासदाच्या प्रत्येक घरानं एक मूल सरहद्दीपलीकडच्या घरी द्यायचं आणि तिकडचं एक आपल्या घरी वाढवायचं. महिनोन्महिने गाड्या धावल्या. मग दोन्हीकडच्या हमालांनी दारूगोळ्याच्या पेट्या उचलायला नकार दिला, इंजिन ड्रायव्हर गाडीतून उतरून बसले, आणि ती लढाई नुसती कुरकुरत राहिली, पेटली नाही. काका म्हणायचे, समजा ठराव पडला असता, तर लढाई झालीच असती, आणि तिच्या ऐन मध्यावर लढाईतल्या बड्या दोस्त देशांना बरं वाटावं म्हणून वरच्यांनी एक चिठ्ठी काढून अख्खा संघच बरखास्त केला असता. मग आपलं पोरगं आज या टेबलाशी असतं. किंवा हे टेबलच नसतं. आणि तू तोंडात घास तसाच ठेवून विचारायचीस, "आणि मी?" की काका तुझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढायचे.

आमच्या कारखान्यात तेव्हा लष्करी कोटांचे डोंगर शिवून पडले होते. लढाई झाली नाही म्हटल्यावर ते निळे रंगवून पोस्टमन, पहारेकरी, बस कंडक्टर यांना वाटले. आठ-दहा वर्षं आपल्या गावात कुणीही समोरून आलं तरी ते पोस्टमनच वाटायचं. तुझा पहिला कोट मी त्यातलाच एक कापून केला, आणि कॉलर तेवढी मोठी राहिली, तुझे कान त्यात बुडायचे. मला कधी वाईट वाटलं की मी त्या कोटांकडे बघायची. ज्यांच्यासाठी ते शिवले होते ती पोरं आपापल्या घरी जेवत होती. मग तक्रार करायला तोंड कुठून उघडणार? इतकी मोठी गोष्ट साधली आणि तिची किंमत म्हणून माझं एक मूल, तेही जिवंत, खाऊनपिऊन सुखी. कुणाला सांगायला गेले असते तर मलाच वेड्यात काढलं असतं. मनात मात्र मी रोज तक्रार केली.

तू चार वर्षांची होतीस, तो पाच. ज्या गाडीनं तू आलीस तीच गाडी त्याला घेऊन परत जाणार होती. संघाच्या बाईनं तुला खाली उतरवलं, तुझ्या हातात अर्धं बिस्किट होतं आणि चेहरा असा की जणू आम्हीच तुझ्या घरी न सांगता येऊन टपकलोय. काका म्हणाले, "या पाहुणीबाई," आणि ते नाव तुला चिकटलं ते चिकटलंच. मी डब्यात चढले. तू बसली होतीस ती जागा अजून कोमट होती आणि तिथे बिस्किटाचा चुरा सांडला होता. मी तो पदरानं झटकला आणि माझ्या मुलाला तिथे बसवलं. तो खिडकीची कडी वरखाली करण्यात दंग होता, माझ्याकडे त्यानं धड पाहिलंही नाही. घरी येईपर्यंत तू माझं बोट धरलं नाहीस, पिशवीचा बंद धरलास. पुढचे कित्येक दिवस तू झोपेत तुमच्या भाषेत आई आई करायचीस. तुमच्या भाषेतला तेवढा एकच शब्द मला येतो.

संघानं सांगितलं होतं, मुलांनी मावशी आणि काका म्हणावं, आईबापांची जागा मोकळी ठेवावी. आपण शब्दाला जागणारी माणसं, तो नियम आपल्या घरात कुणी मोडला नाही. शेजारीण विचारायची, "ही बदलीची ना?" आणि तू कमरेवर हात ठेवून सांगायचीस, "हो, आणि मी कायमची बदली आहे." बघ, तेव्हा तुलाच खात्री होती. काका गेले तेव्हा तूच सगळ्यांना निरोप दिलेस, तूच मला दोन घास भरवलेस. त्यांच्या पोटचा मुलगा तेव्हा तिकडे कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत असेल. पाचव्या वर्षानंतर बापाला त्यानं फक्त फोटोत पाहिलं.

आणि मग संघ गुंडाळला. शेवटच्या अधिवेशनाला अर्धा हॉल रिकामा होता, आणि होते त्यातले बरेच पेन्शनर. बंद करूया असं कुणीतरी म्हणालं. विरोध करायला कुणी उठलं नाही, कारण चहा निवत होता. मुलांना आपापल्या घरी पोचवणं हे शेवटचं काम ठरलं, आणि ते मात्र त्यांनी चोख केलं. तू गेलीस. चिरंजीव आले.

चिरंजीवांबद्दल तू दरवेळी विचारतेस आणि मी 'मजेत आहे' लिहून मोकळी होते. तो गुणी आहे, खरंच. मला 'तुम्ही' म्हणतो. सकाळी पांघरुणाची अशी घडी घालतो की खोली भाड्याची वाटावी. मी पाणी दिलं की आभार मानतो. आणि दिसेल ते दुरुस्त करतो. टेबलाचा ड्रॉवर जरा वर उचलून ओढावा लागायचा, आठवतं ना? त्यानं तो तासून, मेण लावून असा गुळगुळीत केला की पहिल्यांदा सवयीनं जोर लावला तर ड्रॉवर चमच्यांसकट माझ्या पायावर. मी ओरडले, तो पांढराफटक पडला, आणि आम्ही दोघं एकमेकांची माफी मागत राहिलो. आई आणि मुलगा असे असतात का गं? त्याच्याशी भांडावं असं मला फार वाटतं, पण भांडायलाही ओळख लागते.

गेल्या महिन्यात त्याला सणसणून ताप आला. भर दुपारी ग्लानीत तो हाक मारायला लागला. तोच शब्द. तू ज्या शब्दानं रडायचीस तोच, तुमच्या भाषेतला. तिकडे तो तुझ्या आईला मावशी म्हणत नव्हता तर. त्यांच्या घरात नियमबियम काही नव्हता. मी त्याच्या कपाळावर ओला पंचा ठेवून बसले होते आणि मला राग यायला हवा होता. आला तो मत्सर. तिला दोन मुलांनी आई म्हटलं. मी मात्र ती जागा तुझ्या आईची म्हणून जपत बसले, शेजारणीनं ठेवायला दिलेलं भांडं जपावं तशी.

ताप उतरल्यावर त्या ड्रॉवरचा स्क्रू पिळता पिळता त्यानं मान खाली घालून विचारलं, "दहा वर्षं भरल्यावर तुम्ही मला परत का बोलावलं नाहीत?" तुला हे माहीत नाही. अदलाबदलीची मुदत दहाच वर्षांची होती. तुला घेऊन आलेली तीच संघाची बाई घरी आली, स्टुलावर बसली, म्हणाली, आता धोका टळलाय. दोन्ही घरांपैकी एकानं जरी मूल परत मागितलं, तरी दोघं आपापल्या घरी जातील. नाही मागितलं तर आहे तसं चालू राहील. तू आतल्या खोलीत कविता पाठ करत होतीस आणि एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा अडखळत होतीस. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. बाई आणखी एकदा येऊन गेली, आम्ही तिच्याशी थंडीबद्दल बोललो. विचार करायला दिलेला महिना संपला. मुलाची आठवण मला रोज यायची, पण यायची ती खिडकीची कडी वरखाली करणाऱ्या पाच वर्षांच्या पोराची, आणि तो कुठे उरलाच नव्हता. तू होतीस, आतल्या खोलीत, चुकीची ओळ म्हणत. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, आणि वाटली नाही याचाच शीण मी इतकी वर्षं वाहतेय.

हे सगळं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो स्क्रू पिळत राहिला. मग म्हणाला, तिकडेही अशीच बाई आली होती. तुझ्या आईनं दूध उतू जाऊ दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तो दाराआड उभा राहून मनात म्हणत होता, बोलू नको, बोलू नको. हे तुला लागेल. लिहावं की नाही असं दोन दिवस मनात घोळलं. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच तर आधी माझ्यावर, मग तिच्यावर. आम्ही चौघं मोठी माणसं मिठाची गुळणी धरून बसलो, कारण प्रत्येकाच्या घरात एक मूल होतं आणि ते हातचं सोडवत नव्हतं. म्हणून स्टेशनवर मी थांब म्हणाले नाही. मुदतीनंतरची, संघ गुंडाळेपर्यंतची आठ वर्षं मी गुपचूप घेतली होती, आणखी मागायला तोंड नव्हतं. शेवटी त्यानं ड्रॉवर आत सरकवला आणि विचारलं, "मग तू मला जाऊ देशील?" पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि तेही जायचं विचारायला. मी जा म्हटलं. मग त्याला मिठी मारली आणि आम्ही दोघं ओळखीच्या माणसांसारखे रडलो.

तर तो उद्याच्या गाडीनं निघतोय आणि हे पत्र त्याच्याच खिशात घालून देतेय. दार बहुधा तूच उघडशील. तुझ्या आईच्या गुडघ्यांची काळजी घेणारा घरी आलाय, तेवढी तू मोकळी झालीस. पूर्वी एक मूल गेलं की दुसरं यायचं. म्हणून हे आधीच लिहून पाठवतेय, की तो आला म्हणून तू यायचं असा आता कुठलाही नियम नाही, आणि त्याच्या बदल्यात मी तुला मागत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे की पहिली दहा वर्षं तू नियमानं होतीस आणि पुढची आठ मला हवी होतीस म्हणून. खरं सांगायचं तर पहिल्या दहांतलंही फक्त पहिलं वर्षच नियमाचं होतं. स्टेशनवर जे बोलायला हवं होतं ते आता बोलते. थांब. उद्या त्याला बसवायला जाईन तेव्हा गाडीतून तू उतरणार नाहीस हे मला माहीत आहे, हे पत्रच अजून तुला मिळालेलं नसेल. तरी मी जरा लवकर जाणार आहे आणि उतरणारी माणसं बघत उभी राहणार आहे.

तुझीच,
मावशी

ता. क. ड्रॉवर आता फार हलका झालाय. आलीस की हळू ओढ, पायावर पडेल.