देवमाशाचा दात

बुगनव्हिल बेट, ऑगस्ट १९५२

आई,

तुझा हात डोक्यावर आहे असं समजून लिहितो. ताप उतरलाय. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. परसातल्या नीरफणसाला यंदा फळ धरलं का?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. महायुद्धात पलटणीत असताना याच डोंगरात माझ्या गोळीने एक हमाल मेला. बिचारा शत्रूचं ओझं वाहत होता. आता मी इथेच प्रभूचं वचन सांगत फिरतो, आणि त्याची आई समोरच्या झोपडीत राहते.

आपल्या फिजीच्या रीतीने, तू दिलेला देवमाशाचा दात दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरून क्षमा मागितली. तिने तो उलटसुलट करून पाहिला. "याने माझं रताळ्याचं शेत खणून होईल का?"

तेव्हापासून रोज सकाळी तिचं शेत मी खणतो. ती देवळात येत नाही, मीही बोलावत नाही. नाताळला घरी येणं जमेलसं दिसत नाही. फार दमतो गं.

काल भाजलेलं रताळं माझ्या हातावर ठेवत तिने विचारलं, "आई आहे का रे तुला?"

"आहे."

"मग तिला कळव, पोरगं जेवलंय म्हणून."

तुझा,
सेकोवे