भिंतीवरचा जुना खिळा

प्रिय बाबा,
कात्रजहून तुमच्या लेकीचा जयभीम.

आई फोन स्पीकरवर ठेवते, म्हणून लिहितेय. तिला एवढंच सांगा, की मी हल्ली घरूनच काम करते, हिंजवडीची दगदग वाचली.

खरं असं, की मी खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला आणि घरमालकांनी खोली सोडायला सांगितलं. कारण काय, तर भिंतीला खिळा मारला. अहो, खिळा आधीच्या भाडेकरूचा! त्यावर गणपतीचं कॅलेंडर होतं, तोवर भिंतीला काही दुखत नव्हतं.

काल त्यांनी पाणी बंद केलं. शेजारच्या शैलाकाकू बादली भरून देतात. हे पत्रही त्याच टाकतील. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, करार नोंदवलेला आहे, मुदत बाकी आहे, त्यांना असं पाणी तोडता येत नाही. ऑनलाइन तक्रार केलीय. पण मी बाहेर पडले तर ते दाराला स्वतःचं कुलूप लावतील, म्हणून मी उंबरा ओलांडत नाही.

तुमचं बीपी कसं आहे? गोळ्या घेता ना?

फोटो काढ, असं मात्र म्हणू नका. जमलं तर लगेच या. येताना आपल्या बैठकीतला मोठा फोटो आणा. खिळा मजबूत आहे.

तुमची,
आम्रपाली