पडद्यांवरची तीन पानं

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. पण यशाची सुरुवात कुठेतरी टिपलेली असावी.

साप्ताहिकाच्या संपादकांनी एका जुन्या इंग्रजी रहस्यकादंबरीचा अनुवाद माझ्यावर सोपवला. दर रविवारी एक, अशी बारा प्रकरणं. ही जमली की त्याच मालिकेतल्या उरलेल्या अकरा कादंबऱ्या माझ्या, आणि पुस्तकाच्या कव्हरवर माझं नाव. मग विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागाला रामराम. बावीस वर्षं ‘आपल्या पत्राच्या संदर्भात’ लिहितोय. पुरे.

कादंबरी चाळली. अगदीच सामान्य. खेड्यातल्या बंगल्यात एक मेजर आपल्या लायब्ररीत मरून पडतो. चहातून विष. आणि खुनी शोधते कोण, तर शेजारची सत्तरीची म्हातारी! मोजे रफू करत गावभर गप्पा मारते, एवढंच तिचं क्वालिफिकेशन. पोलीस तोपर्यंत काय गवत उपटत होते?

५ फेब्रुवारी
पान २१. खुनी कळला. डॉक्टर. शंकाच नको. विष त्याच्या कपाटात, मृत्युपत्रात नाव त्याचं, शिवाय मिशी. आता पुढचं वाचायची गरज नाही. जसजसं प्रकरण येईल तसतसा अनुवाद. आधी अख्खं पुस्तक वाचून मग लिहायला बसणं हे मंद लोकांचं काम.

सासूबाईंनी विचारलं, शेवट वाचलात का. या आमच्याकडेच असतात. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं. इंग्रजी पॅटर्नची पुस्तकं वाचून इंग्रजी आलं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, आई, हे साहित्य आहे, पायजमा नाही. त्या म्हणाल्या, पायजम्यालासुद्धा आधी पूर्ण माप घेतात. ही हसली. हिला कशालाही हसू येतं.

१७ फेब्रुवारी
प्रकरण तिसरं. खून होऊन दोन दिवस झालेत, आणि म्हातारी मेजरच्या घर सांभाळणाऱ्या बाईबरोबर चहा पीत बसते. विषय काय? लायब्ररीचे पडदे! या घरात धुणं नेहमी सोमवारी, मग पडदे गुरुवारी कसे काय धुवायला काढले, यावर तीन पानं. तीन! अशा बायकांना कामधंदा नसतो, आणि लेखकाला एडिटर नसतो.

तिन्ही पानं कापली. वाचक माझे आभार मानतील.

डॉक्टरच्या तोंडी मात्र एक वाक्य माझ्या पदरचं घातलं: ‘तो क्रूरपणे हसला.’ मूळ लेखकाला सुचायला हवं होतं.

४ मार्च
आता हात बसला. म्हातारी बोलायला लागली की कात्री. मोलकरणीचं लग्न, कापलं. कोणाच्या बागेतले गुलाब, कापले. बाई मुलाबद्दल बोलते, कापलं. माझा अनुवाद मुळापेक्षा निम्म्याने लहान आणि दुप्पट वेगवान आहे.

सासूबाई दर रविवारी अंक वाचतात, चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून. आज विचारत होत्या, पहिल्या प्रकरणात जाडजूड हिरवे पडदे होते ना, मग चौथ्यात इन्स्पेक्टरच्या डोळ्यांवर थेट ऊन कसं आलं? मी म्हणालो, ऊन कुठूनही येतं. काय बोलणार! समोर खून झालाय आणि यांना पडदे दिसतात. या दोन म्हाताऱ्यांचं छान जमलं असतं.

२० मार्च
कमाल. वाचकांची इतकी पत्रं येतायत की संपादकांनी स्पर्धा जाहीर केली: ‘खुनी ओळखा.’ अचूक कारणासह उत्तर देणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ. त्यांनी मला खुन्याचं नाव बंद पाकिटात लिहून मागितलं. लगेच लिहून दिलं. ते म्हणाले, शेवट वाचूनच लिहिलंय ना? मी नुसता हसलो. माणसाने समोरच्याची अक्कल तोंडावर काढू नये.

२९ मार्च, सकाळ
राजीनामा लिहिला. माझ्या जांभळ्या शाईत. ही शाई मी मुद्दाम मागवतो, व्यक्तिमत्त्व दिसतं. ‘साहित्याच्या हाकेला ओ देऊन’ अशी सुरुवात. हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, अहो, पुस्तक तरी निघू दे, धाकटीचं कॉलेज आहे, घराचे हप्ते आहेत, आणि रडवेली झाली. मी ठामपणे गप्प बसलो. राजीनामा कोटाच्या आतल्या खिशात. योग्य क्षणी देईन.

२ एप्रिल
जांभळी शाई कमी झाल्यासारखी वाटते. उन्हाळा. बाटलीचं बूच घट्ट बसत नसणार.

१२ एप्रिल
संपादकांचा फोन. एक हजार एकशे त्रेचाळीस उत्तरं! बहुतेक सगळ्यांचं म्हणणं: डॉक्टर. मी पेरलेलं उगवलं. संपादक थोडे काळजीत, इतकं सोपं कसं, घड्याळं किती द्यायची? मी म्हणालो, लोकप्रियतेला घाबरू नका.

ते म्हणाले, एकच पोस्टकार्ड वेगळं आहे. नाव नाही, नुसतं ‘एक वाचक’. जांभळ्या शाईत. मला दाखवायला घेऊन येणार आहेत. माझ्यासारखी शाई वापरणारा रसिक या शहरात आहे तर! हस्ताक्षर रेखीव आहे म्हणे. निवृत्त न्यायाधीश असावा.

योग्य क्षण आला आहे. राजीनामा पाकिटात घालून चिकटवला. पाकीट पुन्हा कोटात. उद्या.

१३ एप्रिल
सकाळी पाकीट साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. मान ताठ. निघताना सासूबाईंना पहिल्यांदाच म्हणालो, येतो आई. त्यांनी मान वर केली नाही. डिंकाची बाटली त्यांच्या शिवणाच्या डब्याशेजारी कशी, एवढंच लक्षात आलं. या घरात एक वस्तू जागेवर नसते.

साहेब दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जबर धक्का बसलेला दिसतो.

१५ एप्रिल
साहेब अजून गप्प. सावरायला वेळ लागेल.

१६ एप्रिल, संध्याकाळ
शेवटचं प्रकरण वाचलं.

डॉक्टर नाही.

पुन्हा वाचलं. तरीही नाही. डॉक्टर त्या वेळी शेजारच्या गावात बाळंतपण करत होता, बाहेर पाच माणसं बसलेली. हे मीच सहाव्या प्रकरणात लिहिलंय. वर ‘धूर्त बहाणा’ असं माझ्या पदरचं जोडलंय.

म्हातारी सगळ्यांना लायब्ररीत जमवते आणि म्हणते, पडदे. चहा ओतताना विषाचा डाग पडद्यावर पडला, म्हणून घर सांभाळणाऱ्या बाईने पोलिसांच्या झडतीआधी, गुरुवारीच, पडदे धुऊन टाकले. मुलगा मेजरमुळे मेला होता तिचा. ‘आपण चहा पीत होतो तेव्हा तुम्हीच मला हे सांगितलंत,’ असं म्हातारी तिला सांगते. आमच्या अंकात त्या चहाच प्यायल्या नाहीत. मुलगाही नाही. गुलाबांतून आणि मोलकरणीच्या लग्नातूनही काहीतरी निघतं. मी कापलेलं प्रत्येक पान शेवटी उभं राहून माझ्याकडे बघतंय.

अकराशे बेचाळीस लोकांना मी चकवलं. राजीनामा तिकडे, कादंबरी ही अशी. धाकटी आतल्या खोलीत अभ्यास करतेय. मला जेवण गेलं नाही.

१७ एप्रिल, सकाळी साडेसहा
उपाय सापडला. शेवट बदलायचा. डॉक्टरलाच खुनी करायचा. बाळाचा जन्म झालाच नाही. पाच माणसं विकत घेतलेली. मुळापेक्षा सरस.

त्याच दिवशी, दुपारी
पाच माणसांत एक पाद्री आहे.

१८ एप्रिल
संपादक घरी आले, हातात ते पोस्टकार्ड. आधी त्यांनी मूळ पुस्तक मागितलं, इथेच बसून शेवटचं प्रकरण वाचलं, आणि मग पोस्टकार्ड मोठ्याने वाचलं. सारांश असा:

पहिल्या प्रकरणात पडदे आहेत, चौथ्यात नाहीत. मधे ते कोणीतरी काढले, आणि ते सांगणारा मजकूर छापलेला नाही. घर सांभाळणारी बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन येते आणि नाहीशी होते. कोणताही लेखक इतक्या किल्ल्या देऊन माणूस विसरत नाही. म्हातारी एका प्रकरणात मोजा हातात घेते, पुढच्यात तो रफू होऊन तयार. म्हणजे मधे ती कोणाशी तरी बराच वेळ बोलत बसली होती. अनुवादकाला बायकांचं बोलणं मधेच तोडायची सवय असावी. त्याने जिथे जिथे तोडलं, तिथे उत्तर आहे. खुनी घर सांभाळणारी बाई.

संपादक माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, नक्की न्यायाधीश. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. शेजारीच किराणाची यादी होती, जांभळ्या शाईत, सासूबाईंच्या अक्षरातली. ‘साबण, काडेपेटी, डिंक.’ गेली नऊ वर्षं मी त्याच अक्षरातली यादी खिशात घालून दुकानात जातो.

सासूबाई म्हणाल्या, शाई विचारून घ्यायला हवी होती, चुकलं. कापड कुठे कापलंय ते शिवणारीला हात लावून कळतं, एवढंच.

संपादकांनी त्यांना वाकून नमस्कार केला. उरलेल्या अकरा कादंबऱ्यांचं काम त्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसून त्यांना दिलं. सासूबाई म्हणाल्या, मला लांब वाक्यांचं इंग्रजी जड जातं, वाचून अर्थ सांगायला कोणीतरी लागेल. सगळे माझ्याकडे वळले.

हे सगळं क्षुद्र आहे. पण माझी नोकरी गेली आहे, हे अजून घरात कोणाला माहीत नाही.

२० एप्रिल
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, गेल्या आठवड्यात तुम्ही पाकीट ठेवून गेलात, त्यात कोरा कागद होता. आधी समजलं नाही. मग वाटलं, बावीस वर्षांत तुमच्या विभागाकडून आलेलं हे पहिलंच मुद्देसूद पत्र. आणि हसत कामाला लागले.

मी जिन्यात पाच मिनिटं बसून राहिलो.

घरी आलो तर सासूबाई काज करत होत्या. शिवणाचा डबा माझ्यापुढे सरकवला. तळाशी माझा राजीनामा, इस्त्री केल्यासारखा सपाट. मी विचारलं, कसं कळलं? त्या म्हणाल्या, कोट ब्रश करायला घेतला तर खिसा टणक लागला. पाकीट उघडून कागद बदलला, पुन्हा चिकटवलं. आणि सकाळी तुम्ही मला येतो म्हणालात, तेव्हा आजच देणार याची खात्रीच पटली. मुलीला काही सांगितलेलं नाही.

मला काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला. ओवला.

३ मे, संध्याकाळी सहा
दुसरी कादंबरी सुरू. बक्षिसाचं घड्याळ माझ्या टेबलाच्या वर लावलंय; टिकटिक फार. मी वाचतो, अर्थ सांगतो, सासूबाई लिहितात, जांभळ्या शाईत. कव्हरवर त्यांचं नाव. आत बारीक अक्षरात ‘वाचन साहाय्य’, तो मी.

पान नऊवर मला खुनी कळला. चर्चमधला ऑर्गनवाला. बोललो नाही.

पान दहावर दोन बायका कोटाच्या बटणांबद्दल बोलत होत्या. एक वाक्य लांबलचक होतं, तेवढं सोडून पुढे गेलो. सासूबाईंनी लेखणी उचलून धरली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मागे जाऊन वाचलं.