गॅस कुणाचा

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या नवऱ्याचा खोकला आणि तुझ्या शेजारणीचं तोंड, तिन्हींची खुशाली कळव. तिन्ही जुनी दुखणी आहेत, एकदम बरी होणार नाहीत हे मी धरून चालले आहे. मी ठणठणीत आहे. (लिहायची रीत म्हणून लिहीत नाही, खरंच आहे. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेव.) माझी शाळा तिसरीत सुटली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा वेलांट्या मोजत बसू नकोस. पत्राला कारण एसी.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलाने तुला फोन केला, की आईला हवापालट हवाय, महिनाभर तुझ्याकडे पाठवतो. धाकटे, हवापालट मला नको होता, माझ्या खोलीला हवा होता. एसी माझ्याच खोलीत आहे, कारण नात तिथे अभ्यास करते आणि उन्हाळ्यात तिचं डोकं तापतं. (आईवर गेलंय.) यंदा उकाडा सुरू झाला, एसी लावला, आणि पाच मिनिटांत असा वास सुटला, जणू कुणी ओले मोजे डब्यात घालून वर झाकण लावलंय. आता वास आला की माणूस आधी भिंत हुंगतो, मग कपाट हुंगतो आणि मग घरातलं म्हातारं माणूस शोधतो. मला कुणी तोंडावर काही बोललं नाही. घरात सगळे शिकलेले आहेत, ते बोलत नाहीत, वस्तू आणून देतात. सुनेने आधी सुवासिक साबण आणला. मग पावडर. मग माझी पांघरुणं एका आठवड्यात तीनदा धुतली, आणि ती मला सारखी विचारायची, आई, पाणी गरम आहे, परत आंघोळ करता का? दिवसातून दोनदा आंघोळ करून माझी कातडी वाळत घातलेल्या पिशवीसारखी झाली, पण वास होता तिथेच. शेवटी नातीने वह्या-पुस्तकं उचलली आणि हॉलमध्ये मुक्काम हलवला. जाताना म्हणाली, आजी, तुझा राग नाही ग. म्हणजे बघ.

मग तो गॅसचा प्रकार झाला. मी आंघोळीला गेले असताना (दुसऱ्या) एसीचा दुरुस्तीवाला येऊन गेला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी केस पुसत बाहेर येते तो सून माझ्या मुलाशी फोनवर बोलत होती, आणि बोलत काय होती, तर गॅसचाच त्रास आहे म्हणे, वय झालंय ना आता, दरवर्षी भरत बसण्यापेक्षा काढूनच टाकू, कुणी नेत असेल तर देऊन टाकू. मी दाराआड उभी. मला 'भरवत बसण्यापेक्षा' असं ऐकू आलं. म्हटलं, बाई, दोन वेळचं जेवते ते मी माझ्या हाताने, मला कोण भरवतंय? आणि त्याच संध्याकाळी मुलाने तुला फोन केला. आता तूच सांग, मी दुसरं काय समजायचं?

मी भांडले नाही. (हे वाचून तू खुर्चीवरून पडली असशील तर आधी उठ.) मनात म्हटलं, पोटाचंच असेल तर पोटाचा बंदोबस्त करू. हरभरा सोडला, वाटाणा सोडला, कोबीकडे पाठ केली, सकाळ-संध्याकाळ ओवा चावला. चार दिवस मऊ भातावर काढले. पोट इतकं गप्प झालं की आहे की नाही हे चाचपून बघावं लागे. पण वास आपला सासऱ्यासारखा, बसलाय तो बसलाय.

पाचव्या दिवशी दुपारी घरात मी एकटी. वास गेला का ते बघायला नातीने एसी लावला होता, आणि तो तसाच चालू ठेवून, खोलीचं दार ओढून ती क्लासला गेलेली. मी दोन तास स्वयंपाकघरात होते. दार उघडलं तर वास हजर. मी नाही आणि वास आहे. धाकटे, निर्दोष सुटलेल्या माणसाला कसं वाटत असेल ते मला त्या दारात कळलं. बटण बंद केलं, स्टूल ओढलं, भिंतीचा आधार घेत चढले, एसीचं झाकण उचललं आणि आतली जाळी बाहेर ओढली. जाळी कसली, मांजर होतं ते. करडं, केसाळ, ओलसर. नाकाला लावलं. तोच वास. मी तिला माझ्या सुवासिक साबणाने धुतलं, वर माझी पावडरही लावणार होते, पण म्हटलं जाऊ दे, ती माझी आहे.

जाळी वाळत घालायला बाल्कनीत गेले तेव्हा बघते, एसीच्या पाण्याचा पाइप. खालच्या मजल्यावरची बाई पाणी टपकतं म्हणून कुरकुरायची, तर माझ्या लेकाने काय करावं, पाइपाचं तोंड वर वळवून सुतळीने गजाला बांधलं. पाणी चढ चढत नाही हे मला तिसरीतसुद्धा कळत होतं. लेक इंजिनियर आहे. मी सुतळी कापली. पाइप आधी गुरगुरला, मग त्याने उचकी दिली आणि मग त्यातून काळा बुळबुळीत गोळा जो सुटला तो थेट दोरीवरच्या त्याच्या पांढऱ्या शर्टावर. मी पुसायला गेले नाही. पुरावा होता तो.

संध्याकाळी सुनेला जाळी दाखवली तेव्हा कळलं, की दुरुस्तीवाला येऊन गॅसचं सांगून गेला होता. त्याला परत बोलावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. विचारलं, बाबा, गॅस कुणाला झालाय? तो म्हणाला, आजी, मशीनला. मशीन थंड करायला आत गॅस असतो, तो कमी झालाय असं मला वाटलं होतं. मी म्हटलं, त्या गॅसला मोज्यांचा वास येतो? तो म्हणाला, नाही आजी, हा वास साचलेल्या पाण्याचा आणि बुरशीचा. मग आधी झाकण का नाही उघडलंस? तर म्हणे, घाईत होतो. सून तिथेच भिंतीला टेकून हसत खाली बसली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर तिसऱ्यांदा हसली असेल. त्याने पंपाने आतल्या पट्ट्या धुतल्या, पाणी साचतं तो ट्रे खरवडला, आणि मला सगळं शिकवलं: जाळी पंधरा दिवसांनी धुवायची, बंद करायच्या आधी दहा मिनिटं नुसता पंखा फिरू द्यायचा म्हणजे आतली ओल सुकते, आणि जळका वास आला तर हुंगत उभं न राहता मेन बटण बंद करून त्याला बोलवायचं. वास गेला. मुलाने शर्ट पाहिला, सुतळी पाहिली आणि मला विचारलं, आई, चहा करू? त्याच्या खानदानात माफी याहून लांब नसते. तुझ्याकडे पाठवायचा बेत रद्द झाला, नात खोलीत परत आली. मी जिंकले.

तुझी,
थोरली

ता. क. – जिंकून पस्तावले आहे. वास होता तोवर एसी बंद तरी असायचा. आता नात दिवसभर चालू ठेवते आणि मी उन्हाळ्यात दोन पांघरुणं घेऊन बसते. मी स्वतःहून निघाले तर 'मग एवढी शोधाशोध कशाला केलीत' म्हणतील. म्हणून तू मुलाला पत्र लिही, की मला बरं नाही, थोरलीशिवाय माझं पान हलत नाही, लगेच पाठव. पाठवलेली म्हणून मी येणार नाही, बोलावलेली म्हणून येईन. अक्षर मोठं काढ, सून आधी वाचते.

आणखी ता. क. – जाळी धुवायचं काम आता घरात माझ्याकडे आहे. पुढची पाळी रविवारची. शनिवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही, तर वयामुळे माझ्या लक्षात राहायचं नाही.